धाकटीचा टेम्पो आणि आमचा संप

संपाच्या नोटिशीवर मी सही केली तो मंगळवार होता. त्याच आठवड्यात शुक्रवारी माझ्या धाकट्या बहिणीनं आमच्याच कारखान्यात तयार होणारा टेम्पो बुक केला. टेम्पो घे असं मीच तिला सांगितलं होतं. नोटिशीचं मात्र बोलले नाही.

मुद्दाम लपवलं असं नाही. आमच्याकडं तीन वर्षांचा करार संपला की नोटीस निघते, दोन-चार गेट मीटिंगा होतात, घोषणा होतात आणि शेवटच्या दिवशी साहेब लोक आणि युनियन एका टेबलावर चहा पिऊन सही करतात. सतरा वर्षांत मी हेच पाहत आले होते. याही वेळेला तसंच होईल असं धरून चालले. शिवाय बहीण फोनवर इतकी खुशीत होती, की तिच्या खुशीत माझी शंका कशाला घालायची असं वाटलं. ती चूक माझीच, आणि पुढं मी ती कबूलही केली.

नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. माल वाहणारे छोटे टेम्पो तिथं तयार होतात. मी वायरिंगच्या लाइनीवर आहे. गाडीचा सांगाडा आमच्यापुढं येतो तेव्हा त्याला दिवा नसतो, हॉर्न नसतो. बॅटरीपासून मागच्या लाल दिव्यापर्यंत जाणाऱ्या सगळ्या तारांचा एक जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. तो आत ओढायचा, भोकाभोकांतून पार करायचा आणि वीतभर अंतरावर क्लिपा लावून पत्र्याला धरून बसवायचा, हे आमचं काम. हात आत घालायला जागा थोडी, म्हणून या लाइनीवर बहुतेक बायका.

माझ्या शेजारी उभी राहणारी बाई पाथर्डीकडची. तिचे आई-बाप दरवर्षी ऊस तोडायला बाहेर जायचे. ही धाकट्या भावंडांना सांभाळत शाळा शिकली, आयटीआय केलं आणि आमच्याकडं लागली. आठ वर्षं ती माझ्या शेजारी आहे. डाव्या बाजूचा हार्नेस मी ओढते, उजव्या बाजूचा ती. माझा हात दुखायला लागला की ती माझीही बाजू ओढते. पण मी परमनंट आणि ती ठेकेदाराची. माझ्या खात्यावर जेवढा पगार येतो त्याच्या निम्म्याहून कमी तिच्या खात्यावर. अकरा महिने भरले की तिला आठ दिवस घरी बसवायचे आणि मग नव्यानं घेतल्याचा कागद करायचे. आठ वर्षांत ती आठ वेळा नवीन झाली होती.

या वेळच्या मागण्यांत पगारवाढ होतीच. पण पाच वर्षांच्या वर काम केलेल्या ठेकेदाराच्या माणसांना परमनंट करा, ही मागणी युनियननं पहिल्यांदाच वर घेतली होती. चहा पिऊन सही झाली नाही ती यामुळंच. नोटिशीची मुदत संपली, त्या दिवशी सकाळच्या पाळीला आम्ही गेटपर्यंत गेलो आणि आत शिरलो नाही. रस्त्याच्या पलीकडं मंडप घातला, सतरंज्या अंथरल्या आणि बसलो. थंडीचे दिवस होते.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. त्यांचं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान आहे. उन्हाळ्याच्या शेवटी दोन महिने त्यांना मान वर करायला फुरसत नसते आणि थंडीत दुकानात बसून ते रेडिओ ऐकतात. म्हणजे घर तेव्हा माझ्याच पगारावर चाललेलं असतं.

"किती दिवस चालंल?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच माहिती नाही."

"फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो. पोरीची पॉलिटेक्निकची फी जानेवारीत."

"माहिती आहे."

त्यांनी उठून पेटीतली सतरंजी काढली. मग म्हणाले, "मंडपात बसायला सतरंजी ने. तिथली ओली असंल." संपाबद्दल त्यांचं मत मला तेवढ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुने कपडे दुरुस्त करण्याची पाटी लावली. चेन बदलणं, पँट आखूड करणं, फाटलेल्या गोधड्या. यापूर्वी असलं काम आलं की ते शेजारच्या दुकानात पाठवायचे.

माझी बहीण काष्टीला दिलेली आहे. तिची रोपवाटिका आहे. तिची म्हणजे खरोखर तिचीच. मेहुणे शेती बघतात, रोपांचा सगळा धंदा ती बघते. हिवाळ्यात कलिंगडाची आणि खरबुजाची रोपं. शेतकरी विसार देऊन ट्रे बुक करतात आणि ही बी टाकते. कलिंगडाचं रोप पंधरा दिवसांचं झालं की शेतात गेलंच पाहिजे. ट्रेमध्ये जास्त राहिलं तर मुळ्या गुंडाळतात, वेल लोळतो आणि मग शेतकरी हातात घेऊन बघतो आणि म्हणतो, हे न्हाई घेत. तिच्याकडं एक जुना तीनचाकी टेम्पो होता. तो तिनं नव्या गाडीच्या बदल्यात शोरूमला देऊन टाकला. पंधरा दिवसांत नवीन दारात येईल असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून तिनं त्या हिशोबानं बी टाकलं.

पंधरा दिवसांनी रोपं तयार होती. टेम्पो नव्हता.

भाड्याचा टेम्पो तिनं दोन-चार खेपांना लावला. भाड्यातच तिचा सुटणारा पैसा जात होता. शनिवारी काष्टीचा बाजार, त्या दिवशी शेळ्या-मेंढ्या आणि बैलांच्या मागं गावातले सगळे टेम्पो लागलेले, एकही रिकामा मिळेना. गाडीचं डिपॉझिट भरायला सोसायटीतून उचललेल्या पैशाला व्याज लागू झालं होतं. आणि एका शनिवारी, कर्जतकडं जायचे सत्तर ट्रे जागेवर राहिले. सोमवारी ते पोचवले तेव्हा शेतकऱ्यानं निम्मे परत पाठवले.

मंगळवारी ती एसटीनं नगरला आली. घरी नाही, थेट मंडपात.

आम्ही पन्नाससाठ बायका पुढच्या बाजूला बसलो होतो. ती चपला न काढता सतरंजीच्या कडेशी उभी राहिली. हातात पिशवी होती. पिशवीतून तिनं एक ट्रे काढला आणि माझ्यापुढं ठेवला. वेल पिवळे पडून एकमेकांत गुंतले होते.

"आक्का, हे बघ. बघून घे."

"बस तरी खाली."

"बसायला न्हाई आले मी. मला एक सांग. मी गाडी बुक केली तवा तुला संपाचं ठावं हुतं का न्हवतं?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मागच्या बाजूला कुणीतरी भाषण करत होतं, तेही थांबलं.

"ठाऊक होतं," मी म्हणाले. "त्याच आठवड्यातल्या मंगळवारी नोटिशीवर सही केली होती मी. मला वाटलं मिटेल. तुला सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

तिला बहुधा मी काहीतरी सबब सांगेन असं वाटलं होतं. तिनं हातातली पिशवी खाली टाकली. मग म्हणाली, "तुमाला पगार वाढवून पायजे, बरोबर हाय. पन तुमचा पगार वाढला की गाडीची किंमत वाढनार, ती बी मीच देनार. आन संप चालला तवर भाडं बी मीच देनार. दोन्हीकडनं मीच का?"

युनियनचे अध्यक्ष पेंटच्या विभागातले वयस्क गृहस्थ होते. ते उठून आले आणि भांडवल, नफा असं काहीतरी समजावायला लागले. बहिणीनं त्यांना हातानं थांबवलं. "ते ऱ्हाऊ द्या काका. माझी रोपं नफ्यानं मेली न्हाईत."

तेवढ्यात माझ्या शेजारची पाथर्डीवाली पुढं सरकली. तिनं तो ट्रे मांडीवर घेतला आणि बोटांनी वेल सोडवायला लागली. "ह्यातली धा-बारा जगत्याल की," ती म्हणाली. "बाई, तुमच्याकडं रोपं भरायला रोजानं बाया लागत्यात का? म्या येते. आमाला ठेकेदारानं मागल्या महिन्याचा बी पगार दिला न्हाई."

बहिणीनं चपला काढल्या आणि बसली. त्या काळात काष्टीच्या भागात रोजाला बायका मिळत नव्हत्या हे तिनं मला फोनवर सांगितलंच होतं. दुपारपर्यंत असं ठरलं, की आमच्यातल्या सहाजणी दिवसाआड काष्टीला जातील, तिथला चालू असलेला रोज घेतील आणि मी रोज न घेता जाईन. ही शेवटची अट माझी होती. बहिणीनं त्यावर काही वाद घातला नाही. तेवढी ती माझ्यावर रागावलेली होतीच.

मग आमचा एक दिवस मंडपात आणि एक दिवस काष्टीला असा क्रम लागला. सकाळी सातच्या गाडीनं निघायचं. ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरायचा, एका खाचेत एक बी, वर पुन्हा हलक्या हातानं भर घालायची. हार्नेस बसवणाऱ्या बायकांचा हात त्या कामाला फार लवकर बसला. रोपं पोचवायला मेहुण्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांबूचे कप्पे बांधले. ट्रॉली धक्के फार देते, म्हणून ते रस्ताभर बैलगाडीच्या चालीनं ट्रॅक्टर हाकायचे. जवळची गावं त्यातून भागायची. लांबची गिऱ्हाइकं मात्र तुटत गेली. बहीण फोनवर त्यांची समजूत काढायची आणि फोन ठेवला की तासभर कुणाशी बोलायची नाही.

घरी आम्ही दूध अर्धा लिटरवर आणलं. पोरीनं न विचारता नगरमधल्या एका क्लासमध्ये लहान मुलांना गणित शिकवायचं काम धरलं. फ्लॅटचा पहिला हप्ता शिल्लकीतून गेला. दुसऱ्याला मी पाटल्या सराफाकडं गहाण ठेवल्या. नवऱ्याला ते मी घरी आल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "करून घेतल्या होत्या कशाला मग, कामाला यायलाच ना." मला त्यांचा त्या दिवशी फार आधार वाटला.

महिना उलटल्यावर कारखान्याचं एक धुराडं चालू झालं. बाहेरून बसगाड्यांतून माणसं आणून मालकांनी लाइन सुरू केली होती. दिवसाला थोड्या का होईना, गाड्या बाहेर पडायला लागल्या. ट्रेलरवर चढवलेले आमचे टेम्पो मंडपासमोरून जायचे आणि आम्ही नुसतं बघायचो. एक बाई तर रडलीच. युनियननं पत्रक काढलं, की संपाच्या काळातल्या गाड्या कुणी घेऊ नयेत.

चार दिवसांनी बहिणीचा फोन आला.

"आक्का, शोरूमवाल्याचा फोन आल्ता. गाडी आलीय म्हनतो. उद्या घिऊन जा म्हनतो."

मी फोन घेऊन बाजूला गेले.

"संपातलीच असनार ना ती?"

"हो."

"मग सांग. घिऊ का नको?"

नको म्हण, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण तिचं रोज किती नुकसान होत होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. एकदा तिला अंधारात ठेवलं होतं, आता दुसऱ्यांदा माझ्या कामासाठी तिच्या धंद्यावर पाय कसा देऊ? आणि घे म्हणावं तर मंडपात परत कुठल्या तोंडानं बसू?

"उद्या मी येते श्रीगोंद्याच्या शोरूमला," मी म्हणाले. "गाडी बघते. मग तूच ठरव."

मंडपात मी हे फक्त पाथर्डीवालीला सांगितलं. गाडी घेतली जावी असं तिला वाटणं शक्यच नव्हतं. संप मोडला तर सगळ्यात आधी तीच बाहेर गेली असती. पण ती म्हणाली, "ताई, गाडी चांगली असंल तर चांगलीच म्हना. खोटं बोललात तर बहीन जलमभर धरून ऱ्हाईल. आन तुमाला बी झोप यायची न्हाई."

शोरूमच्या दारात पांढरा टेम्पो उभा होता. हार घालून तयार. मेहुणे त्याच्याभोवती फिरत होते, चाकांना हात लावत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला कसंसंच झालं. मी पदर खोचला, दार उघडलं आणि चालकाच्या पायापाशी आडवी होऊन मोबाईलच्या उजेडात डॅशबोर्डखाली बघायला लागले.

पहिली क्लिप बरोबर होती. दुसरी बरोबर. तिसरीही. गाडी चांगली निघावी असं मला वाटत नव्हतं, हे मला तिथं आडवं पडल्यापडल्या स्वच्छ कळलं. आणि तरीही चांगली असेल तर उठून तसं सांगायचं, हेही मनात पक्कं केलं. मी हात आणखी आत घातला.

केबिनमधून इंजिनाकडं हार्नेस जातो तिथं पत्र्याला भोक असतं. त्या भोकात एक जाड रबरी कडी बसवायची असते, म्हणजे पत्र्याची धार तारांना लागत नाही. ती कडी बसवायला जोर लागतो, अंगठा दुखतो. नवीन बाई आली की पहिले आठ दिवस ती कडीच बसवायला शिकते. या गाडीत ती नव्हती. तारांचा जुडगा उघड्या पत्र्यावर टेकला होता. कारखान्यातून इथवर आणताना झालेल्या हादऱ्यांनीच वरची काळी टेप एका जागी सोलली होती.

मी बाहेर आले आणि काय आहे ते सांगितलं. विक्रीचं बघणारा माणूस हसला. "मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये लावून देतो."

"पाच मिनिटांत लागत नाही ती. अख्खा हार्नेस बाहेर ओढावा लागतो. सतरा वर्षं तेच करते मी."

"तुम्ही संपावर आहात ना?" त्यानं विचारलं.

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्याही मनात तेच आलं होतं, आणि तिनं ते लपवलं नाही. "आक्का, खरं सांग. संपासाठी म्हनतीस का?"

"ये इकडं. हात घाल."

ती माझ्यासारखीच आडवी झाली. मी तिचा हात धरून आत नेला आणि तिचं बोट पत्र्याच्या कडेवर ठेवलं. "ही धार. आता वर बघ, ही तार. रोपं घेऊन खडकाळ रस्त्यानं तू फिरत राहिलीस की ही तार इथं कापली जाणार. दिवे जातील, नाहीतर ठिणगी पडेल. कधी ते मी सांगू शकत नाही. कदाचित वर्षभर काहीच होणार नाही. ठरव."

ती बाहेर आली. बोटाला लागलेली काळी धूळ पदराला पुसली. मेहुणे म्हणाले, "लावून घिऊ की गं. सीजन चाललाय हातचा."

"न्हाई," ती म्हणाली. "ही न्हाई घेत मी." मग त्या माणसाकडं वळून, "गाडी का घेतली न्हाई ते मला कागदावर लिहून द्या. तुमच्या शिक्क्यानिशी."

तो तसं लिहून द्यायला तयार नव्हता. मॅनेजर जेवायला गेलेत म्हणाला. बहीण खुर्चीत बसली. मॅनेजर आले, त्यांनीही टाळाटाळ केली. ती बसूनच राहिली. गिऱ्हाइकं येत होती, हिच्याकडं आणि हार घातलेल्या गाडीकडं बघून काय झालं म्हणून विचारत होती, आणि ही त्यांना सविस्तर सांगत होती. चौथ्या गिऱ्हाइकाला सांगून झाल्यावर मॅनेजरांनी कागद लिहून दिला.

त्यानंतर आठवडाभरानं मालकांकडून पहिला लेखी प्रस्ताव आला. अध्यक्षांनी तो मंडपात वाचून दाखवला. परमनंट कामगारांना आम्ही मागितली होती जवळजवळ तेवढी वाढ. ठेकेदाराच्या माणसांबद्दल एकच ओळ होती, त्या विषयावर समिती नेमण्यात येईल.

पाटल्या सराफाकडं असलेल्या, पोरांच्या फिया थकलेल्या माणसांना तो प्रस्ताव कसा वाटला असेल ते सांगायला नको. बरीच डोकी होकारानं हलायला लागली. ठेकेदाराची माणसं युनियनची सभासद नव्हती, त्यांना मत नव्हतं. ती मंडपाच्या बाहेर दोऱ्यांपाशी उभी होती. पाथर्डीवालीही तिथंच उभी होती. ती आमच्याकडं न बघता रस्त्याकडं बघत होती.

मी आयुष्यात कधी माइक धरला नव्हता. कुणीतरी मागून ओरडलं, "ताई, घ्या मिटवून. तुमच्याच बहिणीची गाडी अडकलीय."

"अडकली होती," मी म्हणाले. "मागल्या आठवड्यात तिला मिळत होती. तिनं परत केली. हार्नेसची रबरी कडी बसवली नव्हती म्हणून परत केली. ती कडी बसवणारी बाई आत्ता त्या दोरीपलीकडं उभी आहे. आठ वर्षं बसवतेय. तिच्या कामाची किंमत शोरूममध्ये माझ्या बहिणीला कळली आणि आपल्याला मंडपात बसून कळत नसेल, तर मग घ्या मिटवून. मी हात वर करणार नाही."

एवढंच बोलले. पुढचं ठरवलेलं सगळं विसरले होते. मतं झाली. ती दोन वेळा मोजावी लागली, कारण फरक फार नव्हता. प्रस्ताव फेटाळला गेला. माझ्याशी तेव्हा बोलणं सोडलेले दोघे-तिघे अजूनही नीट बोलत नाहीत. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. एकाच्या घरी आईचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते त्यानं पुढं ढकललं.

त्या संध्याकाळी मी बहिणीला फोन करून सांगितलं, की मिटत होतं आणि आम्ही मिटवलं नाही, अजून किती दिवस जातील सांगता येत नाही. या वेळेला तिला दुसऱ्या कुणाकडून कळावं असं मला नको होतं.

"उद्या येनार का ट्रे भरायला?" तिनं विचारलं.

"येणार."

"मग सहाच्या गाडीनं ये. जामखेडची आर्डर हाय."

आणखी बारा दिवसांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करार झाला. पगारवाढ पहिल्या प्रस्तावापेक्षा थोडी कमी. संपाच्या दिवसांचा पगार नाही. पाच वर्षांवरच्या ठेकेदाराच्या माणसांना तीन तुकड्यांत परमनंट करायचं, पहिली तुकडी लगेच, पुढच्या दोन सहा-सहा महिन्यांनी. पाथर्डीवालीचं नाव दुसऱ्या तुकडीत आलं. नवऱ्यानं वहीवर मांडून पाहिलं, तर बुडालेला पगार माझ्या वाढीतून भरून यायला जवळजवळ दोन वर्षं लागणार होती. त्यांनी ते मला दाखवलं आणि पान मिटलं. पाटल्या सोडवायला त्यातली एक विकावी लागली.

बहिणीची गाडी फेब्रुवारीत आली. शोरूममध्ये बिल हातात पडलं तर किंमत वाढलेली. "संपामुळं वाढली मॅडम," तोच माणूस म्हणाला. मी सोबत होते. वाढ जानेवारीच्या पहिल्या तारखेपासूनची होती, आणि आमच्या करारावर तेव्हा सहीसुद्धा झालेली नव्हती. दर जानेवारीत किंमत वाढतेच, हे आम्ही लाइनीवर गाडीला लागणारे किमतीचे कागद बघून ओळखतो. मी ते सांगितलं. बहिणीनं शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला आणि मागच्या वेळची खुर्ची ओढून घेतली. डिसेंबरात जुन्या किमतीला गाडी देत होता, दोष तुमच्या गाडीत होता, मी थांबले तो माझा गुन्हा आहे का, एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत राहिली. दुपारी मॅनेजरांनी जुनी किंमत मान्य केली. जुन्या तीनचाकीचे पैसे मात्र ठरल्यापेक्षा कमी धरले, त्याला तिचा इलाज चालला नाही.

त्या हंगामात तिचं नुकसान झालं ते झालंच. लांबची सात-आठ गिऱ्हाइकं दुसऱ्या रोपवाटिकेला लागली, त्यातली निम्मीच परत आली. मी भरपाई म्हणून पैसे देऊ केले तर तिनं घेतले नाहीत. पण उन्हाळ्यात दर रविवारी ट्रे भरायला बोलावते, आणि मी जाते. रोज देत नाही. मीही मागत नाही.

करार झाल्यावर पहिल्या तुकडीला पत्रं वेळेवर मिळाली. दुसऱ्या तुकडीचे सहा महिने भरले तेव्हा कारखान्यानं मंदीचं कारण काढून तारीख पुढं ढकलली. मधल्या काळात मला कामगारांनी युनियनच्या समितीवर निवडून दिलं. कागद वाचायला मी अजून शिकतेय. कायद्याची भाषा अवघड असते, पोरगी समजावून सांगते. आम्ही औद्योगिक न्यायालयात तक्रार दाखल केली. दोनदा समोरचा वकील आला नाही. तिसरी तारीख या सोमवारी आहे. पाथर्डीवाली आणि मी, दोघींनीही रजा टाकली आहे. तिची रजा बिनपगारी आहे.